आडवा स्विंग आणि काखेतला टॉवेल

प्रश्न : माझे वय ५२ असून मी पुण्यात राहतो. कॉलेजात असताना हॉकी खेळत होतो. तीन वर्षांपूर्वी गोल्फ सुरू केले. सध्या हँडिकॅप २४ आहे, म्हणजे खेळ अजून बेताचाच. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब क्लब (काठी), बरा चालतो, पण गेल्या सहा महिन्यांत आयर्नचे, म्हणजे लोखंडी पात्याच्या क्लबांचे, फटके फार बिघडले आहेत. चेंडू एक तर सरळ उजवीकडे निघून जातो, नाही तर डावीकडे जोरात वळून झाडांत शिरतो, आणि दर चार-पाच फटक्यांत एकदा क्लब चेंडूच्या आधीच जमिनीत घुसतो. मित्राने मोबाइलवर चित्रण करून दाखवले तेव्हा माझा स्विंग फारच आडवा, म्हणजे फ्लॅट, असल्याचे दिसले. एक व्हिडिओ पाहून दोन महिने उजव्या काखेत टॉवेल धरून सराव केला, तर उलट जास्तच बिघडले. घरच्या घरी सराव करून हे सुधारेल, की कोचकडे जावे लागेल? नवा सेट घेतल्याने काही फरक पडेल का?

उत्तर : स. न. वि. वि. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण जाता जाता लिहून गेला आहात, ती म्हणजे काखेतला टॉवेल. नवशिक्या खेळाडूंपैकी बहुतेकांचा चेंडू उजवीकडे वळतो, म्हणजे त्यांचा स्लाइस होतो, आणि त्याचे नेहमीचे कारण असे असते की त्यांचा क्लब वरून, चेंडूच्या पलीकडच्या बाजूने खाली येतो. साहजिकच बाजारात, व्हिडिओंत आणि क्लबहाउसच्या चहाच्या टेबलावर जो सल्ला फुकट मिळतो तो बहुतांशी या लोकांसाठी असतो : कोपर अंगाला चिकटवा, क्लब आतून आणा, स्विंग आडवा करा. आपल्याला जे आधीच जास्त झाले आहे तेच आपण दोन महिने टॉवेल धरून आणखी वाढवले. दुखणे एकाचे आणि औषध दुसऱ्याचे असा हा प्रकार आहे, आणि त्यात आपल्या मेहनतीचा काही दोष नाही. तो टॉवेल आजच काखेतून काढावा. मात्र टाकून देऊ नये, पुढे त्याचे काम आहे.

आपण उजव्या हाताने खेळता असे धरून पुढचे लिहितो.

आडवा आणि उभा म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट करून घेऊ. भिंतीला टेकवून ठेवलेले बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणावे. क्लबहेड, म्हणजे क्लबचे पाते, आपल्याभोवती साधारण तशाच कललेल्या वर्तुळात फिरते. चाक भिंतीला जवळजवळ सरळ उभे असेल तर स्विंग उभा, आणि ते जमिनीकडे झुकले असेल तर आडवा. बेन होगन या नामांकित खेळाडूने खांद्यांवर टेकलेले आणि चेंडूपर्यंत उतरत गेलेले काचेचे मोठे तावदान कल्पून हीच गोष्ट समजावली होती. हा कल सगळ्या क्लबांना सारखा नसतो. सात नंबरचे आयर्न सुमारे ३७ इंच लांब असते, ड्रायव्हर ४५ इंचांच्या आसपास. लांब क्लब घेऊन आपण चेंडूपासून दूर उभे राहतो, म्हणून ड्रायव्हरचा स्विंग मुळातच जास्त आडवा असतो. शिवाय तो चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवलेला असतो. आपला ड्रायव्हर बरा चालतो आणि आयर्न रुसतात, यामागचे कोडे एवढेच आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आडवा स्विंग हा आपोआप दोष ठरत नाही. होगनचा स्विंग आडव्याकडे झुकणारा होता. मॅट कुचर सहा फूट चार इंच उंच आहे, त्याचा स्विंग तर नामांकित खेळाडूंमध्ये उठून दिसण्याइतका आडवा आहे, आणि त्याच स्विंगने त्याने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. उलट टोकाला जॅक निकलस : स्विंग उभा, उजवे कोपर अंगापासून सुटलेले, आणि खात्यावर मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मानाच्या स्पर्धांची, १८ विजेतेपदे. म्हणून आपला स्विंग चित्रणात कसा दिसतो यावर मी निकाल देणार नाही. निकाल चेंडू आणि जमीन देतात, आणि आपल्या बाबतीत दोघांची साक्ष एकच आहे. क्लब फार आत, पाठीमागे जातो. खाली येताना हातांना अंगापुढून जायला जागा उरत नाही. मग क्लब आतून बाहेर, लक्ष्याच्या बराच उजवीकडे फेकला जातो. त्या क्षणी क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, हीही उजवीकडे पाहत असेल तर चेंडू सरळ उजवीकडे जातो. मनगटांनी घाईने फेस मिटवला तर चेंडू डावीकडे वळतो. म्हणजे आपले हे दोन फटके एकाच चुकीची दोन फळे आहेत. क्लब इतका आडवा आणि आतून आला की त्याच्या वर्तुळाचा तळ चेंडूच्या मागे पडतो, म्हणून तो जमिनीत घुसतो. कुचरला ही अडचण येत नाही, कारण त्याचे अंग न थांबता वेगाने वळत राहते आणि हातांना वाट करून देते. बावन्नाव्या वर्षी, दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी सरावाच्या रेंजवर येणाऱ्या माणसाने ती लवचीकता गृहीत धरू नये, हे मी स्वतःच्या कमरेच्या अनुभवावरून सांगतो.

हॉकीबद्दलही दोन शब्द. स्टिक अंगाभोवती फिरवणे आणि मनगटांनी तिचा रोख बदलणे या सवयी हॉकीत कामाच्या असतात, परंतु गोल्फमध्ये त्याच आपल्याला पहिल्या फूटभरातच आत खेचतात. मीही शाळेत हॉकी खेळलो होतो आणि माझा आडवा स्विंग घालवायला मला दोन हिवाळे लागले.

सरावाला लागण्याआधी मित्राला पुन्हा एकदा चित्रण करायला सांगावे, पण कॅमेरा नीट ठेवून. तो आपल्या मागे, लक्ष्याच्या दिशेकडे तोंड करून, हातांच्या उंचीवर आणि हातांच्याच रेषेत असावा. चित्रण करणारा चेंडूच्या बाजूला दोन पावले सरकला की चांगला टेकअवे, म्हणजे क्लब मागे नेण्याची पहिली हालचाल, हाही आत गेल्यासारखा दिसतो. चुकीच्या कोनातल्या चित्रणावरून लोकांनी चांगले स्विंग मोडल्याचे मी पाहिले आहे.

सुरुवात उभे राहण्यापासून करावी, कारण मी पाहिलेल्या आडव्या स्विंगांपैकी निम्म्याहून अधिक चेंडू मारण्याआधीच आडवे झालेले होते. खेळाडू चेंडूपासून लांब उभा राहतो, वजन टाचांवर टाकतो, गुडघे खुर्चीवर बसल्यासारखे वाकवतो आणि पाठ ताठ ठेवतो. अशा स्थितीत खांदे चरकासारखे आडवेच फिरणार. आपण सात नंबरचे आयर्न घ्यावे, कमरेत न वाकता मांड्यांच्या सांध्यात वाकावे, आणि उजवा हात ग्रिपवरून सोडून सैल लोंबू द्यावा. तो आपोआप ग्रिपपाशी परत यायला हवा. ग्रिप पकडायला हात पुढे न्यावा लागत असेल, तर आपण चेंडूपासून दूर आहात. ग्रिपचे टोक आणि डावी मांडी यांच्यात एक मूठ, फार तर एक मूठ आणि अंगठा, इतकेच अंतर असावे. वजन बुटाच्या लेसखाली जाणवले पाहिजे. एवढ्या बदलाने काही जणांचा निम्मा दोष जातो आणि त्यांचे पैसे वाचवल्याबद्दल ते माझ्यावरच रागावतात.

त्यानंतर खांदे. क्लब दोन्ही खांद्यांवर आडवा धरावा, चेंडू मारायला वाकतो तसे वाकावे आणि मागे वळावे. क्लबचे डावे टोक चेंडूच्या पलीकडे हातभर अंतरावर जमिनीकडे रोखलेले दिसले पाहिजे. ते समोरच्या झाडाच्या शेंड्याकडे रोखले जात असेल, तर खांदे सपाट फिरत आहेत. हा सराव रोज सकाळी दात घासून झाल्यावर वीस वेळा केला तरी पुरतो. त्याला ना चेंडू लागतो ना रेंज.

खरी चूक मात्र टेकअवेमध्ये असते. क्लबचा शाफ्ट, म्हणजे दांडा, कमरेच्या उंचीवर जमिनीला समांतर होईल तिथे थांबावे. मागून पाहणाऱ्याला क्लबहेड हातांच्या पुढे झाकणासारखे दिसावे, आणि फेस किंचित चेंडूकडे कललेला असावा. क्लबहेड हातांच्या मागे, आपल्या पाठीकडे गेले असेल आणि फेस आकाशाकडे पाहत असेल, तर हॉकीने आपला हिस्सा मागितला आहे असे समजावे. इथे मनगटे वळवायची नाहीत. छाती वळते आणि हात तिच्याबरोबर जातात.

या टप्प्यासाठी माझा सर्वांत आवडता सराव भिंतीचा आहे, आणि तो घरच्या घरी करता येतो. भिंतीकडे पाठ करून असे उभे राहावे की वाकल्यावर कंबर आणि भिंत यांच्यात साधारण फूटभर जागा उरेल. क्लबहेडवर जुना पायमोजा चढवावा, नाही तर घरात वेगळेच प्रश्न उभे राहतील. मग चेंडूशिवाय, अगदी मंद गतीने, क्लब वरपर्यंत न्यावा. आत जाणारा क्लब भिंतीला लागतो आणि कुठे लागला तेही सांगतो. मी शिकत होतो तेव्हा गच्चीतल्या चुन्याच्या भिंतीपाशी मोज्याशिवायच हा सराव करत असे, आणि महिन्याभराने त्या भिंतीवर खुणांचे दोन पट्टे उमटले होते : एक कमरेच्या उंचीवर, दुसरा खांद्याच्या जरा वर. कमरेजवळच्या खुणा टेकअवे आत गेल्याच्या होत्या. खांद्याजवळच्या खुणा मात्र वेगळ्या कारणाच्या होत्या; टेकअवे सुधारल्यावरही हात वर न उचलता क्लब मागे लोळत होता, त्याच्या त्या खुणा होत्या. म्हणून आपणही मोजा नेमका कुठे घासतो याकडे लक्ष द्यावे. खाली घासत असेल तर टेकअवेवर काम करावे, आणि वर घासत असेल तर हात उचलण्यावर.

हात उचलणे कसे तपासावे, तर ग्रिपच्या टोकाला जे बारीक छिद्र असते त्यात एक लाकडी टी खोचावी. जमिनीवर चेंडूच्या रेषेत एक दोरी पसरावी. क्लब मागे नेताना डावा हात जमिनीला समांतर झाला की थांबावे आणि टी कुठे रोखली आहे ते पाहावे. ती दोरी आणि बुटांची टोके यांच्या मधोमध, किंवा दोरीच्या जवळपास रोखलेली असेल तर कल योग्य आहे. आपल्यासारख्यांची टी दोरीच्या बरीच पलीकडे, बागेच्या कुंपणाकडे पाहत असते. बुटांकडे पाहू लागली तर स्विंग फार उभा झाला, हेही ध्यानात ठेवावे. वर पोहोचल्यावर उजवा तळहात ताट उचललेल्या वाढप्यासारखा, खांद्याच्या वर असावा, आणि उजवे कोपर अंगापासून थोडे सुटले तरी चालेल. काखेतला टॉवेल नेमके तेच होऊ देत नव्हता.

इथे एक इशारा. योग्य जागी पोहोचल्यावर आपल्याला ती जागा भयंकर चुकीची वाटेल. लाकूड फोडायला कुऱ्हाड उगारली आहे असे वाटेल, आणि चित्रणात पाहिले तर हात फक्त चार बोटे वर गेलेले असतील. शरीराची जाणीव आणि प्रत्यक्ष हालचाल यांत एवढी तफावत असते, आणि म्हणूनच दर दहा-बारा स्विंगनंतर मोबाइलमध्ये पाहणे आवश्यक आहे.

चेंडू मारण्याची वेळ आली की उताराची मदत घ्यावी. चेंडू पायांच्या पातळीपेक्षा खाली असेल अशी चार-सहा इंचांच्या उताराची जागा बहुतेक कोर्सवर सरावाच्या भागात सापडते. चेंडू खाली असला की आडवा स्विंग त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. शरीर आपण होऊन क्लब उभा करते आणि जे शंभर वाक्यांनी समजत नाही ते पाच चेंडूंत समजते. आठ नंबरचे आयर्न, अर्धा स्विंग, पंधरा चेंडू. अशा उतारावरून चेंडू थोडा उजवीकडे जातोच, तिकडे लक्ष देऊ नये. याउलट चेंडू पायांपेक्षा उंचावर असलेला उतार सध्या टाळावा, कारण तो आपली जुनी सवय पोसतो.

आता तो टॉवेल. त्याची घडी करून चेंडूच्या मागे, चार बोटे अंतरावर ठेवावी आणि टॉवेलला न लागता चेंडू मारावा. रेंजवरच्या मॅटवर हा सराव विशेष गरजेचा आहे, कारण मॅट खोटे बोलते. चेंडूच्या दोन इंच आधी लागलेला क्लब मॅटवरून घसरून चेंडूपर्यंत जातो आणि फटका बरा वाटतो. तोच फटका जुलैतल्या ओल्या फेअरवेवर मारला की चेंडू दहा पावलांवर पडतो आणि चिखल चष्म्यावर येतो. आपले फटके सहा महिन्यांत बिघडले असे आपण लिहिता, पण मला शंका अशी आहे की त्यातले काही महिने ते मॅटवर लपलेले होते. शक्य असेल तेव्हा गवतावरून मारावे आणि डिव्हॉट, म्हणजे फटक्याने उखडलेल्या गवताचा खड्डा, पाहावा : तो चेंडूच्या जागेपासून पुढे सुरू व्हायला हवा, आणि लक्ष्याच्या फार उजवीकडे रोखलेला नसावा.

आपला मुख्य प्रश्न कोचचा होता, आणि माझे उत्तर असे की जावे, पण वरची तयारी दोन-तीन आठवडे करून जावे. उभे राहणे, खांदे आणि टेकअवे या तीन गोष्टी भिंत, दोरी आणि मोबाइल यांच्या भरवशावर सुधारता येतात. क्लब खाली कसा येतो ते मात्र स्वतःला नीट पाहता येत नाही, आणि धोका तिथेच आहे. स्विंग उभा करण्याच्या नादात माणूस वरून खांद्याने क्लब ढकलू लागतो आणि महिन्याभराने हुकच्या, म्हणजे डावीकडे वळणाऱ्या फटक्याच्या, जागी स्लाइस घेऊन येतो. अशा वेळी शेजारी उभा असलेला जाणता माणूस एका वाक्यात जे वाचवतो ते परत मिळवायला आपल्याला एकट्याला सहा महिने लागतील. नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र असलेला किंवा पीजीए ऑफ इंडियाशी संलग्न असलेला प्रशिक्षक आपल्या कोर्सवर कोण आहे ते आधी विचारून घ्यावे. दहा तासांचे पॅकेज लगेच घेऊ नये. पाच तास घ्यावेत आणि प्रत्येक दोन तासांमध्ये किमान पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे, कारण बदल तासात होत नसतो, तो मधल्या पंधरा दिवसांत होतो. पहिल्या तासाला जुने चित्रण, आपल्या फटक्यांचे वर्णन आणि टॉवेलची हकिगत घेऊन जावे. प्रशिक्षकाने आपण कुठे खेळता, खांदा-पाठ दुखते का, हे न विचारता पहिल्या पाच मिनिटांत ग्रिप बदलायला सुरुवात केली, तर दुसऱ्या तासाला जावे की नाही याचा विचार जरूर करावा. रेंजवर रडारचे यंत्र असेल तर क्लबचा पाथ, म्हणजे मार्ग, किती अंश उजवीकडे जातो ते विचारून लिहून ठेवावे. तो आकडा महिन्यामहिन्याने उतरत तीन-चार अंशांवर आला की पुरे, शून्य करण्याचा हट्ट नको.

प्रशिक्षक एकच असावा. या काळात चौकडीतल्या मित्रांचे सल्ले हसून ऐकावेत. कॅडीचेही तसेच : हिरवळ कुठे उतरते आणि वारा कुठला आहे हे त्याच्याइतके कोणाला कळत नाही, पण फटका बिघडला की ‘साहेब, हेड अप झालं’ हे त्याचे निदान ठरलेले असते, आणि आपले डोके बिचारे जागेवरच असते.

सरावाचे प्रमाण सांगायचे तर ५० चेंडूंची एक बादली तासाभरात संपवावी, वीस मिनिटांत नव्हे. प्रत्येक चेंडूआधी दोन मंद स्विंग, त्यात कमरेपाशी आणि डावा हात समांतर होताना एकेक थांबा. पहिले तीन आठवडे पूर्ण ताकदीचा फटका नको. त्या महिन्यात स्पर्धा आणि पैजा टाळाव्यात. स्कोअर डोळ्यांपुढे असला की हात जुन्या वाटेनेच जातात. हात खांद्याच्या वर नेताना दुखत असेल, तर मात्र हे सगळे थांबवून आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवावे. आपल्या वयात खांदा आखडणे ही सामान्य तक्रार आहे, आणि पुष्कळदा तोच माणसाला न सांगता स्विंग आडवा करत असतो.

राहिला नवा सेट. आत्ता घेऊ नये. प्रत्येक आयर्नच्या शाफ्टचा जमिनीशी एक कोन असतो, त्याला लाय म्हणतात. सात नंबरच्या आयर्नला तो साधारण ६२ ते ६३ अंश असतो. आडव्या स्विंगमध्ये हात खाली राहतात, क्लबचा टो, म्हणजे पात्याचे पुढचे टोक, वर उचलला जातो आणि चेंडूचा कल डावीकडे जाण्याकडे होतो. आज मोजमाप करून सेट घेतला तर तो आपल्या चुकीच्या मापाचा शिवला जाईल, आणि चूक सुधारली की अंगावर बसणार नाही. दोन-अडीच महिन्यांनी क्लब दुरुस्तीच्या दुकानात जाऊन सात नंबरच्या आयर्नच्या तळाला टेप लावून लाय बोर्डवर दहा चेंडू मारावेत. खूण तळाच्या मध्यावर उमटली तर जुना सेटच वापरावा. ती शाफ्टच्या बाजूला सरकलेली असेल, तर बऱ्याच आयर्नचा कोन एक-दोन अंशांनी वाकवून घेता येतो, आणि त्याला नव्या सेटच्या मानाने फारच थोडा खर्च येतो.